एक फरशी रुंद वाट

शहापूर,
रविवार, ८ जून २००३

ती. देवकीताईस,
सा. न. वि. वि.

तुझी फ्लॉपी नामा कंडक्टरने काल स्टँडवर माझ्या हाती ठेवली. पोह्यांची पिशवी, तीत दुसरी पिशवी, तीत खोकं, खोक्यात सुती पातळाचा तुकडा आणि त्यात फ्लॉपी. आपल्या घराण्यातला एकही दागिना इतक्या बंदोबस्तात किन्हवली ओलांडून आलेला नाही.

आज आसनगावला नितीनच्या क्लासात तुझा नकाशा लावला. नितीनला तू दिवाळीत पाहिलंस. माझा जुना विद्यार्थी; संस्कृतात पस्तीस मार्कांवर सुटला आणि आता चार कॉम्प्युटर एका वायरीने जोडून दर रविवारी लोकांना लढाईच्या खेळात राज्यं जिंकायला बसवतो. त्या राज्यांची जमीन, म्हणजे नकाशे, गेले आठ महिने मी पुरवत होतो. शनिवारी चार माणसं मला रस्त्यात थांबवून विचारत, "सर, उद्या कुठलं रान?" पंचवीस वर्षं मेघदूत शिकवतो आहे, त्याबद्दल असं कुणी कधी थांबवलं नाही.

आज मात्र कुणी लढेचना. चौघे नुसते घोडे घेऊन फिरत होते. रोज कल्याणला जाणारा एक गृहस्थ म्हणाला, "सर, इथलं गवत खरं वाटतंय." मी म्हटलं, "आणि माझ्या नकाशातलं?" तो म्हणाला, "तुमचंपण चांगलं असतं सर. एकदम साफ." तो 'साफ' मी शहापूरपर्यंत चघळत आलो. अजून गिळला गेलेला नाही.

ताई, माउस कसा धरायचा हे दिवाळीत मी तुला शिकवलं. तू तो झुरळ पकडल्यासारखा धरला होतास. या खेळातली जमीन शंकरपाळ्याच्या आकाराच्या फरश्यांची असते, गवताची फरशी वेगळी, चिखलाची वेगळी, पाण्याची वेगळी, हेही मीच सांगितलं. माझ्या नकाशात जंगल संपलं की शेत लागतं. धडा संपला की स्वाध्याय लागतो तसं. तुझ्या नकाशात जंगल कुठे संपतं तेच सापडत नाही. मी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. शिवण दिसली नाही. कशी लपवलीस? मला शिकायचं आहे अशातला भाग नाही. परीक्षकाची जिज्ञासा समज.

एक चूक मात्र दाखवतो. जंगलाच्या कडेला तू जळक्या जमिनीच्या फरश्या टाकल्या आहेस. त्या लढाईत जळलेल्या घरांभोवती टाकायच्या असतात. नवशिक्याकडून असं व्हायचंच.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
ज्ञानेश्वर

*

मुरबाड,
१९ जून २००३

चि. ज्ञाना यास आशीर्वाद.

पत्र दुकानात वाचलं. झेरॉक्सला आलेली दोन माणसं उभी होती, ती बघतच राहिली, बाई एकटीच काय हसते म्हणून. झुरळ काय रे!

शिवण लपवायला त्यात काय नाय. लग्नात आपण दोन अनोळखी माणसं एकदम शेजारी बसवतो का? मधी दोघांच्या ओळखीचं एक बसवतो. तसंच आहे हे. दाट जंगल आणि भाताचं खाचर शेजारी ठेवलं की दोघं तोंड फिरवून बसतात. मधी सुकं गवत घाल, त्याच्या अलीकडं मातकट जमीन. सगळ्यात बारीक ब्रश घे आणि एकेक फरशी उडव. जंगलातली एक शेतात ने, शेतातली एक जंगलात ने. तीन फरश्या सरळ रेघेत आल्या की मोड. पाण्याला पण तेच. आधी खोल, मग उथळ, मग ओली वाळू, मग गवत. आणि जिथं काय केल्या जमत नाय तिथं दगड ठेव नायतर झुडूप. भिंतीचा पोपडा गेला की आपण कॅलेंडर लावतो ना, तसं.

जळक्या फरश्या चूक नाय. तो राब आहे. भाताची रोपं टाकायच्या आधी पाला, शेण पसरून जमीन भाजतात ती जागा. जंगलाच्या कडेलाच असते, कारण पाला डोक्यावरनं आणायचा असतो आणि आणणारीची मान एकच असते. मी सात वर्षं आणलाय. तुला नाय आठवायचं. तू नऊ वर्षांचा असतानाच बोर्डिंगात गेलास.

खोकं परत पाठव. ते चपलांचं आहे, चांगलं आहे.

तुझी,
देवकीताई

*

शहापूर,
२७ जुलै २००३

ती. देवकीताईस,
सा. न. वि. वि.

खोकं पाठवलं आहे. आत तुझ्या पद्धतीने केलेला माझा नकाशा आहे. बारीक ब्रश, तीन प्रकारची गवतं, एक इकडे, एक तिकडे, सगळं अक्षरशः तू सांगितलंस तसं. नितीनने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि अदबीने विचारलं, "सर, जमिनीला नायटा झालाय का?"

पाच रविवार मी हेच करतो आहे. तुझी सही जशी आहे तशी काढता येते, पण चेक वटत नाही, असं काहीतरी होतंय. आपल्या हौसाकाकू लोणच्याची कृती कुणालाही सांगायच्या आणि मोहरी किती ते न चुकता विसरायच्या. तू मोहरी विसरली आहेस का, एवढंच नम्रपणे विचारतो.

संस्कृतात या माझ्या दुखण्याला तीन शब्द आहेत. दुसऱ्याचं चांगलं सहन न होणं म्हणजे ईर्ष्या. दुसऱ्याच्या गुणात दोष काढत बसणं म्हणजे असूया. ती राबाच्या वेळी झाली. तिसरा मत्सर, तो या दोघांच्या पुढचा. तिथवर मी अजून पोचलेलो नाही. गाडी वाटेत आहे.

आता बातमी. नितीनने दसऱ्याला स्पर्धा ठेवली आहे. नकाशा आपल्या मुलखातलाच हवा. त्या दिवशी दोन-तीन जे येतील ते नकाशे खेळायचे, आणि खेळणाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून एक निवडायचा. निवडलेला नकाशा पुण्याच्या एका कॉम्प्युटर मासिकाच्या सीडीवर जाणार, करणाऱ्याच्या नावासकट. छापलेलं नाव, ताई. माझं नाव आजवर शाळेच्या वेळापत्रकात छापलं गेलं आहे, तेही 'सं.' एवढंच.

मी आपलं गाव करतो आहे, सिद्धगडाच्या पायथ्याचं. तू दुसरं काहीतरी घे. धसईचा बाजार घे. त्यात गर्दी आहे, रंग आहे.

तुझा,
ज्ञानेश्वर

*

मुरबाड,
३१ ऑगस्ट २००३

चि. ज्ञाना यास आशीर्वाद.

बाजार नाय घेतला. मी पण आपलं गावच केलंय. एका गावाचे दोन नकाशे झाले तर गाव काय झिजत नाय.

मोहरी विसरले नाय रे. खरं सांगू? तू फरशी बघून फरशी ठेवतोस. मी आधी चालते, मग ठेवते. खाचर झालं, बांध आला, बांधावर पाय घसरला, पुढं नाचणीचा माळ, मग राब, मग करवंदीच्या जाळ्या, पातळ अडकतं तिथं, मग जंगल. पायाखाली जे आलं ते ठेवायचं. ते तुला पत्रात कसं देऊ?

रोज दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत बसायचे. दोन महिने लागले. ह्यांना वाटायचं हिशोब करते.

नितीनकडं रविवारीच उघडं असतं आणि रविवारी माझं सुटत नाय, म्हणून फ्लॉपी तुझ्याकडं पाठवते. तू त्याला नेऊन दे. उघडून बघ वाटलं तर, पण हात लावू नको. यात गडाच्या पायथ्यापासून फाट्यापर्यंत जायला एकच वाट ठेवलीय, एक फरशी रुंद. कुठं ते सांगत नाय. ज्याला सापडंल तो पलीकडं जाईल आणि जिंकेल.

मला पण नाव छापून आलेलं बघायचंय. दुकानात येणाऱ्या सगळ्यांची नावं टाईप करते, माझं कधी करायची पाळी आली नाय.

तुझी,
देवकीताई

*

शहापूर,
६ ऑक्टोबर २००३

ती. देवकीताईस,
सा. न. वि. वि.

काल दसऱ्याला स्पर्धा झाली. सोनं लुटल्यावर मंडळी बसली. दोनच नकाशे आले होते, तुझा आणि माझा.

तुला वाईट वाटेल, पण कळवायला हवं. तुझ्या नकाशाचं रूप पाहायला सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. गडाची सावली, राब, करवंदी, सगळं जिथल्या तिथे. पण खेळ पुढे सरकेना. दोन्हीकडची सैन्यं पायथ्याशीच कोंडली. दीड तास वाट शोधली, मग एक जण म्हणाला, "दिसायला भारी आहे, पण खेळायचा कसा?" तू वाट ठेवली होतीस म्हणतेस. कुठेतरी चुकून ठेवायची राहिली असणार. एवढ्या बारीक कामात होतं असं. मी वर्गातल्या मुलांना नेहमी सांगतो, उत्तर आलं तरी पडताळा घ्यावा.

चिठ्ठ्या माझ्या बाजूने पडल्या. माझा नकाशा साफ होता, त्यामुळे निदान लढाई झाली. सीडी डिसेंबरच्या अंकासोबत निघेल.

मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा आहे. तुझी नजर चांगली आहे, हे मी सर्वांसमक्ष सांगितलं. दोनदा सांगितलं.

भाऊबीजेला ये. पुरणपोळी करायला सांगितली आहे, शिवाय तुला आवडते ती अळूवडी. शिवाय जाताना तुला सोडायला मी मुरबाडपर्यंत येईन.

तुझा,
ज्ञानेश्वर

*

मुरबाड,
२ नोव्हेंबर २००३

चि. ज्ञाना यास आशीर्वाद.

सुखरूप पोचले. पोळ्या मऊ होत्या. साडी चांगली आहे, पण एवढी भारी तू कधी घेत नायस.

भाऊबीजेला तुझ्याकडं यायच्या आधी मी आसनगावला उतरले होते. नितीनला सांगून क्लास उघडून घेतला आणि माझा नकाशा बघितला. मग तुझ्याकडं आले, तुला ओवाळलं, जेवले. तिथं बोलले नाय, कारण ताटात दिवा लावलेला असताना भावाशी भांडू नये.

करवंदीच्या जाळीमागं मी वाट ठेवली होती. तिथं आता कडा आहे. झाड असतं तर मी म्हटलं असतं चुकून ब्रश लागला. पण झाडं खेळातल्या मजुरांना तोडता येतात, कडा फुटत नाय. ज्यानं ठेवला त्याला हे माहीत होतं.

आणि कडा पाच फरश्या सरळ आहे, ज्ञाना. पट्टीनं मारल्यासारखा. माझ्या सगळ्या नकाशात तेवढीच एक सरळ रेघ आहे. मुरबाड आणि शहापूर दोन्ही तालुक्यांत अशी रेघ मारणारा मला एकच माणूस ठाऊक आहे.

नाव गेलं त्याचं काय नाय. टाईप करून मी ते कधीपण छापीन. पण तू बुजवलीस ती वाट कुठली ते तरी बघितलंस का? तुला बोर्डिंगात सोडायला नेलं ती. पोश्याकाकानं तुला खांद्यावर घेतलं होतं. वाडीतला माणूस, शेताचं काम टाकून आला होता. करवंदीपाशी तू झोपलास. मागनं मी होते, तुझी पेटी डोक्यावर घेऊन. बारा वर्षांची होते. फाट्यापर्यंत आले, मोटार आली, तू गेलास. पेटीत पाटी होती ती माझी होती. आबांनी मला चौथीच्या वर्गासाठी घेतली होती, नवी. घरातनं एकालाच पाठवायचं ठरलं, मग पाटी पण तुझ्याबरोबर दिली. येताना मी रिकाम्या डोक्यानं नाय आले. पाल्याचा भारा घेऊन आले.

चाळीस वर्षं मी तुझा हेवा केला. तुझं पहिलं पत्र आलं ना, साफ म्हणाले म्हणून तुला झोंबलेलं, तेव्हा मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. खोटं कशाला बोलू. पण तुझ्या पेटीतल्या पाटीला मी तेव्हा पण हात नाय लावला.

तूच केलंस का, एवढं कळव.

देवकीताई

*

शहापूर,
९ नोव्हेंबर २००३

ती. देवकीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नितीनच्या कॉम्प्युटरांत हल्ली व्हायरस फार झाला आहे. फ्लॉपीमधून येतो आणि फायली बिघडवतो. तसंच काही झालं असावं असा माझा कयास आहे. चौकशी करतो. शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे असल्याने लांबवत नाही.

तुझा,
ज्ञानेश्वर

*

(पोस्टकार्ड)

मुरबाड, १४ नोव्हेंबर

ज्ञाना,
व्हायरस पण पट्टी घेऊन बसतो का रे?
देवकी

*

शहापूर,
रविवार, ४ जानेवारी २००४

ती. देवकीताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड पोस्टमनने वाचलं, शाळेच्या शिपायाने वाचलं, आणि सातवी 'ब'च्या निम्म्या वर्गानेही वाचलं असावं, कारण त्या आठवड्यात माझ्या टेबलावर रोज कुणीतरी पट्टी ठेवत होतं. तेव्हापासून सात आठवडे मी हे पत्र लिहितो आहे. सुभाषितांनी सुरू केलेले चार मसुदे फाडले. सुभाषितं दुसऱ्याच्या चुकांसाठी असतात.

मीच केलं.

वाट मला पहिल्या दिवशीच सापडली. एक घोडेस्वार तीवरून चालवून पाहिला. करवंदीमागे गेला, दिसेनासा झाला, दोनदा वळला आणि नीट फाट्यावर निघाला. माझ्या सगळ्या नकाशांत मिळून असा एक घोडा कधी दिसेनासा झालेला नाही. माझ्याकडे लपायला जागाच नसते. मी आधी झाडंच ठेवली होती. मग आठवलं की मजूर ती तोडतील. झाडं काढली आणि कडा ठेवला. म्हणजे चूक सुधारूनसुद्धा घेतली. जुलैत मी तुला लिहिलं होतं की मत्सर अजून वाटेत आहे. तो दुसऱ्याच महिन्यात पोचला, आणि वेळेवर पोचला.

आता शिक्षेचं ऐक. डिसेंबरची सीडी आली, तीवर माझं नाव आहे, पूर्ण आणि शुद्ध. कपाटात ठेवली आहे. शहापुरात मी ती कुणालाही दाखवलेली नाही, याचं घरात आश्चर्य आहे. मासिकाला खरं काय ते लिहून कळवलं. उत्तर आलेलं नाही. आज क्लासात सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. मला वाटलं होतं, सभा हादरेल. नितीन म्हणाला, "सर, ते आम्हाला दसऱ्यालाच कळलं होतं." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?" तो म्हणाला, "तुम्ही पस्तीस मार्क दिले होते ना, सर. माझी उत्तरपत्रिका पस्तीसची नव्हती, मला माहितीये."

मग कडा काढला आणि तुझा नकाशा लावला. कल्याणवाल्या गृहस्थाला चाळीस मिनिटांनी वाट सापडली. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या, सगळ्या तुझ्या. माझीही.

ही झाली स्पर्धा. आता पाटी.

ती त्याच वर्षी फुटली, बोर्डिंगाच्या जिन्यावर. दुसरी मिळाली म्हणून मला रडूही आलं नाही. ती तुझी होती हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही, आणि कुणाची म्हणून मी विचारलं नाही. तुझ्या फरश्या पाहून मला वाटायचं, ताईला एक मुलूख मिळाला आणि मला रूपं मिळाली. रामः रामौ रामाः. सुट्टीत घरी यायचो तेव्हा तुम्ही सगळ्या पाल्याला गेलेल्या असायच्या आणि मी ओट्यावर बसून पाहुण्यासारखा चहा प्यायचो. मी तुझा हेवा करत होतो तो पाल्याच्या भाऱ्याचा होता, असं आता कागदावर लिहिताना हात थांबतो. तुझी मान आणि माझा हेवा एका वाक्यात बसत नाहीत. मधे घालायला तिसरं काही मला सुचत नाही, म्हणून तसंच शेजारी ठेवतो.

कडा काढल्यावर सगळे गेले. मी एकटा बसलो आणि तुझ्या सांगण्याप्रमाणे चालून पाहिलं. खाचर आठवलं. बांध आठवला. राबावरची राख पोश्याकाकाच्या पायांवर उडत होती, ती वरून दिसायची. करवंदीत माझी टोपी अडकली आणि मागून कुणीतरी सोडवून दिली. ते कोण, हे आज कळलं. त्यापुढे माझ्यापाशी थेट फाट्यावरची मोटार आहे. मधे काही नाही, साफ.

तुझी वाट करवंदीनंतर एकदा डावीकडे वळते, एकदा उजवीकडे. तू उगाच वळवणार नाहीस. तिथे काहीतरी असणार. ओहळ आहे का? कुणाचं घर? की पेटी जड झाली म्हणून तू कुठे टेकलीस?

नामाच्या हाती खोकं देतो आहे. तेच चपलांचं. आत तुझी फ्लॉपी आहे आणि एक पाटी. शहापूरच्या बाजारात तिसऱ्या दुकानात मिळाली. दुकानदार विचारत होता, नातवाला का? मी म्हटलं, बहिणीला, चौथीत आहे. लाकडी चौकटीची आहे, पातळाच्या तुकड्यात गुंडाळली आहे, पेन्सिल सोबत आहे.

करवंदीपासून फाट्यापर्यंत तिच्यावर काढून पाठव. मी झोपलो होतो, तू जागी होतीस.

तुझा,
ज्ञाना